मागे बसलेला मित्र ‘थर्ड पार्टी’ नसतो!

ट्रिप ठरली की आधी व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, गाडी कुणाची? मग कुणाच्या तरी बाबांची वॅगन-आर नाहीतर स्विफ्ट मिळते. पेट्रोल किती लागेल, टोल किती, ताम्हिणीत थांबायचं का थेट कोकणात उतरायचं, पुढच्या सीटवर कोण बसणार, सगळ्यावर तासभर चर्चा होते. हिशोबाच्या ॲपवर चहा-वडापावसकट दरडोई खर्च निघतो. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही. या गाडीचा इन्शुरन्स नेमका कोणता आहे? आणि समजा कुणी विचारलाच, तर उत्तर ठरलेलं. ‘आहे रे, इन्शुरन्स आहे.’

‘आहे’ एवढं उत्तर चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाला पुरतं. गाडीत बसणाऱ्या तुम्हा पाच जणांना ते पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, हा विषय बाबांचा. दरवर्षी एजंटचा फोन येतो, बाबा ‘मागच्या वर्षीचंच कर’ म्हणतात, पीडीएफ येते, विषय संपतो. पण गाडी चालवताय तुम्ही. मागे बसलेत तुमचे मित्र. आणि पॉलिसी निवडताना या दोघांचा विचार झालेला असेलच असं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीला कुठल्या पातळीचं कव्हर घ्यायचं हे आपल्या घरांमध्ये गाडीची किंमत बघून ठरवलं जातं, आणि ते गाडीत बसणारी माणसं बघून ठरवायला हवं.

आधी मूळ गोष्ट. बोलीभाषेत आपण ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, कुणी दुसऱ्याला ‘फर्स्ट पार्टी’ही म्हणतं. पॉलिसीवर याच गोष्टी ‘लायबिलिटी ओन्ली’ आणि ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या नावांनी छापलेल्या असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी सक्तीची आहे. ती नसताना पकडलं गेलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर दंड ४,००० रुपये. थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, त्यामुळे या कंपनीची स्वस्त, त्या कंपनीची महाग असा शोध घेण्यात अर्थ नसतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे आपल्या ॲक्टिव्हाला, ७१४ रुपये. वर जीएसटी.

‘फुल’मध्ये याच थर्ड पार्टीला ‘ओन डॅमेज’ जोडलेलं असतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर वगैरे. दर इथेच कंपनीगणिक बदलतो.

आता घरोघरी काय होतं बघा. गाडी नवी असताना शोरूमवाला जे देईल ते घेतलं जातं, बँकेचं कर्ज असेल तर बँकही ‘फुल’च मागते. पाच-सहा वर्षं झाली, कर्ज फिटलं, बंपरवर चार ओरखडे आले की घरात वाक्य ऐकू येतं, ‘आता या गाडीला कशाला फुल? थर्ड पार्टी बास.’ नाकापेक्षा मोती जड नको, हा त्यामागचा विचार. आणि पत्र्यापुरतं बोलायचं तर तो चुकीचा अजिबात नाही. कारण कंपनी तुम्हाला जास्तीत जास्त किती देणार हे ‘आयडीव्ही’वर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर ठरतं, आणि ती दरवर्षी उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला कंपनीच्या यादीतल्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात आणि तेवढ्या रकमेवर विषय मिटतो. दीड-दोन लाखांच्या गाडीसाठी दरवर्षी जास्तीचे काही हजार कशाला भरायचे, असं कुणाला वाटलं तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

पण हे गणित फक्त पत्र्याचं झालं. माणसांचं गणित वेगळं आहे.

गाडीबाहेरच्या माणसापासून सुरू करू. तुमच्या चुकीने कुणी पादचारी किंवा दुचाकीवाला दगावला तर भरपाई किती होऊ शकते, याचा अंदाज आपल्याला नसतो. तो काढायची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. समजा, ३० वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा असलेला, महिना ३०,००० कमावणारा माणूस. घरी बायको, दोन मुलं, आई. वर्षाचं उत्पन्न ३,६०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ५,०४,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा, उरले ३,७८,०००. त्याला वयानुसार १७ ने गुणायचं. उत्तर येतं ६४ लाख २६ हजार रुपये. इतर काही छोट्या रकमा वेगळ्या. महिना तीस हजार कमावणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा आहे, कुणा बड्या पगारदाराच्या नाही.

मृत्यू किंवा दुखापतीसाठी थर्ड पार्टी पॉलिसीत रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जे ठरवेल ते कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे, खासगी कारसाठी साडेसात लाख. म्हणजे वर्षाला दोन-तीन हजारांत तुमच्या घराला अशा आकड्यांपासून संरक्षण मिळतं. ‘थर्ड पार्टी म्हणजे नुसता दंड चुकवायचा कागद’ असं जे म्हणतात त्यांना हे गणित एकदा पाटीवर लिहून दाखवावं. थर्ड पार्टी ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त ती कुणासाठी आहे हे नावातच लिहिलंय. तिसऱ्यासाठी.

मग गाडीत बसलेले मित्र तिसरे नाहीत का? आपण गृहीत धरतो की आहेत. पहिला मी किंवा बाबा, दुसरी कंपनी, बाकी सगळे तिसरे. ऐकायला तर्कशुद्ध आहे. पण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, खासगी गाडीतून फुकट प्रवास करणारे मित्र सहसा या ‘तिसऱ्या’त धरले जात नाहीत. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दुचाकीच्या प्रकरणात सांगितलं की फक्त कायद्यापुरती पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. २००९ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना कळवलं की पॅकेज पॉलिसीत मात्र कारमधले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांची जबाबदारी येते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारच्या बाबतीतही हाच फरक मान्य केला. कायद्यापुरती पॉलिसी असेल तर आतल्या माणसांसाठी कंपनी जबाबदार नाही. पॅकेज असेल तर आहे.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. ‘थर्ड पार्टी बास’ असं म्हणताना घरात चर्चा होते ती डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चाची. आणि त्या एका निर्णयाने कव्हरबाहेर जातात मागच्या सीटवरचे तिघं. फुल इन्शुरन्स म्हणजे गाडीच्या पत्र्याचा इन्शुरन्स, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो मित्रांचाही असतो.

प्रत्यक्षात काय घडू शकतं? घाटात तुमच्याकडून गाडी सुटली, कठड्यावर आदळली, दुसरं वाहन नव्हतंच. मागे बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. तिच्या घरच्यांना भरपाई मागायची तर ती कुणाकडे? गाडीच्या मालकाकडे, म्हणजे तुमच्या बाबांकडे, आणि तुमच्याकडे. पॅकेज पॉलिसी असेल तर त्या दाव्याला कंपनी उभी राहते. नसेल तर दोन कुटुंबं, जी कालपर्यंत एकमेकांकडे हळदीकुंकवाला, वास्तुशांतीला जात होती, ती न्यायाधिकरणात समोरासमोर. चूक समोरच्या ट्रकची असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्या ट्रकसाठी तुम्ही सगळे तिसरे आहात आणि त्याच्या विम्यातून भरपाई मिळू शकते. पण चूक नेहमी समोरच्याचीच असेल, हे गृहीत धरून कव्हर निवडायचं का?

डबल सीटचं तर विचारूच नका. आपल्या पिढीचं सार्वजनिक वाहन म्हणजे मित्राच्या गाडीची मागची सीट. कॉलेज ते क्लास, क्लास ते रूम. आणि इथे एक सापळा आहे जो कागदावर अगदी स्वच्छ लिहिलेला असतो, तरी दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी पाच वर्षांची आणि नवी कार घेताना तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. म्हणून घरात सगळे निर्धास्त, ‘गाडीचा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे.’ बरोबर आहे, पण पाच वर्षांचा आहे तो थर्ड पार्टी. त्यासोबतचं ओन डॅमेज साधारणपणे एकाच वर्षाचं असतं. पहिल्या वाढदिवसाला ते नूतनीकरण केलं नाही की उरते नुसती थर्ड पार्टी, आणि मागे बसणारा पुन्हा कव्हरबाहेर. गाडी तीच, चालवणारा तोच, मागची मैत्रीणही तीच. फक्त एक तारीख उलटून गेलेली असते.

आता स्टिअरिंगवर बसलेल्याकडे येऊ. अपघात स्वतःच्या चुकीने झाला तर चालवणाऱ्याला थर्ड पार्टीतून काही मिळत नाही, आणि पॅकेजच्या ओन डॅमेजमधूनही त्याच्या शरीरासाठी काही नसतं. त्यासाठी असतो ‘पर्सनल ॲक्सिडेंट’चा भाग, १५ लाखांचा, सक्तीचा. छान. पण त्याचं पूर्ण नाव वाचा, ‘ओनर-ड्रायव्हर’. म्हणजे आरसी बुकवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, तोच. मुलगा नाही, मुलगी नाही, मित्र तर नाहीच.

आपल्याकडच्या घरांत याचा अर्थ काय होतो? ज्या बाबांनी वर्षभरात ॲक्टिव्हाला हात लावलेला नाही, त्यांच्या जिवाचं १५ लाखांचं कव्हर त्या ॲक्टिव्हावर आहे. आणि जी मुलगी रोज तिच्यावरून कॉलेजला जाते, तिच्या नावावर शून्य. मला हे हास्यास्पद वाटतं. हसू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

मित्राची गाडी मागून नेणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. कर्नाटकातल्या एका प्रकरणात, दुसऱ्याची मोटरसायकल मागून नेलेल्या तरुणाचा बैलगाडीला धडकून मृत्यू झाला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, त्यामुळे त्या तरतुदीखाली त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विम्याकडे तिसरा म्हणून भरपाई मागता येत नाही. ‘अरे घेऊन जा ना, चावी तिथे आहे’ हे वाक्य आपण दिवसातून तीनदा म्हणतो. मैत्री म्हणून ते छानच आहे. फक्त चावीसोबत गाडीचं कव्हर जातं, चालवणाऱ्याचं जात नाही, एवढं माहीत असावं.

ब्रिटनला मास्टर्स करायला गेलेल्या ओळखीच्या कुणाला विचारा, तिथे गाडीच्या विम्यात चालवणाऱ्याची माहिती आधी द्यावी लागते. वय कमी की प्रीमियम भरमसाट, आणि पॉलिसीत सहसा चालवणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. विद्यार्थ्यांच्या खिशाला ते चांगलंच झोंबतं. आपल्याकडे सीसी किती, गाडी किती जुनी, नोंदणी कुठल्या शहरातली एवढं विचारतात. चालवणारा एकोणीस वर्षांचा आहे की पन्नास, यामुळे थर्ड पार्टीचा दर बदलत नाही. हे आपल्या सोयीचं आहे, मी तक्रार करणार नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की ‘गाडी कोण चालवतं?’ हा प्रश्न आपल्याकडे पॉलिसी विकताना येतच नाही. आणि जो प्रश्न फॉर्मवर नसतो तो घरातही विचारला जात नाही.

माझं मत विचाराल तर नियमच बदलायला हवा. १५ लाखांचं ते सक्तीचं कव्हर मालकाला न चिकटवता, मालकाच्या परवानगीने आणि वैध परवान्यासह जो कुणी गाडी चालवतोय, त्याला मिळालं पाहिजे. भारतात गाडी एका माणसाची नसते, घराची असते. कायदा करणाऱ्यांच्या घरातही ती मुलंच चालवत असतील की. तसंच दुचाकीवर मागे बसणाऱ्याचं कव्हरही सक्तीच्या भागात यायला हवं, कारण जी गाडी दोघांसाठी बनवली, दोघांसाठी पास केली, तिच्या किमान विम्यात एकच माणूस का? प्रीमियम थोडा वाढेल, मान्य. हेल्मेट दोघांना सक्तीचं आणि विमा निम्म्यांनाच, हे पटत नाही.

तोवर काय करायचं? मी असती तर काय निवडलं असतं ते सांगते. एकटे बाबा ऑफिसला नेतात, रविवारी बाजारात जाते, अशा दहा वर्षं जुन्या गाडीला थर्ड पार्टी आणि बाबांच्या नावाचा पर्सनल ॲक्सिडेंट भाग, ठीक आहे. पण तीच गाडी महिन्यातून दोनदा तुम्ही मित्रांना भरून लोणावळा-महाबळेश्वरला नेत असाल तर गाडी दीड लाखाची असली तरी पॅकेज घ्या. पैसे वाचवायचे तर पत्र्यावर वाचवा. ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ वाढवा, म्हणजे नुकसानीतले पहिले काही हजार आम्हीच भरू असं कंपनीला सांगा, प्रीमियम उतरतो. झिरो डेप सोडा, टायर कव्हर सोडा, हरवलेल्या चावीचं कव्हर तर खुशाल सोडा. माणसं सोडू नका. सगळ्या सीटसाठी ‘अननेम्ड पॅसेंजर’चं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर जोडून घेता येतं, कारमध्ये माणशी दोन लाखांपर्यंत, आणि त्याला पैसे फार लागत नाहीत. गाडी फारच जुनी असेल तर काही कंपन्या पॅकेज द्यायला कां-कूं करतात, आधी तपासणी मागतात. एकीने नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा. रोज डबल सीट फिरणाऱ्या दुचाकीलाही माझं उत्तर हेच, पॅकेज.

चालवणाऱ्यासाठी दोन मार्ग. अठरा पूर्ण झाल्यावर नवी दुचाकी तुमच्यासाठीच येणार असेल तर ती तुमच्याच नावावर घ्या. ‘बाबांच्या नावावर असू दे’ यात सवयीपलीकडे सहसा काही कारण नसतं. नाहीतर स्वतःच्या नावाची वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या, ती तुम्ही कुणाचीही गाडी चालवा, बसने जा, तुमच्यासोबत असते. तेही जमत नसेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. बँकेत बचत खातं आणि वय १८ ते ७०, एवढंच लागतं. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. दोन लाख फार नाहीत, हे मलाही कळतं. पण टपरीवर दोन कटिंगच्या पैशांत दुसरं काय येतं?

पत्र्याच्या बाजूचे दोन-तीन मुद्दे पटकन. साध्या पॅकेजमध्ये प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. आठ हजारांचा बंपर फुटला तर चार हजार धरतात, त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे हजार वजा, हातात तीन हजार. शिवाय ‘नो क्लेम बोनस’ जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. छोट्या ठोकरीला क्लेम करणं म्हणजे अनेकदा घरचंच नुकसान. नवी गाडी आणि नवा चालक अशी जोडी असेल तर झिरो डेप घेण्यात अर्थ आहे, बाकीच्यांनी शोरूमवाल्याच्या हसऱ्या चेहऱ्याला भुलू नये. पुराचं नुकसान पॅकेजमध्ये येतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी जाऊन ते गेलं, तर साध्या पॅकेजमध्ये कंपनी हात वर करते. कोल्हापूर, सांगली, चिपळूणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि सेकंड हँड गाडी घेतलीत तर आरसी आपल्या नावावर होण्याची वाट बघत बसू नका. थर्ड पार्टी भाग गाडीसोबत आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

कितीही वरच्या पातळीचं कव्हर घेतलं तरी काही गोष्टींत ते कोसळतं. परवाना नसलेल्याच्या हातात गाडी दिली, लर्निंगवर शेजारी परवानाधारक न बसवता चालवली, पिऊन चालवली, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा गेलाच. बाहेरच्या माणसाला अशा वेळी कोर्ट अनेकदा कंपनीला पैसे द्यायला लावतं, पण मग कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. वर काढलेला ६४ लाखांचा आकडा आठवा आणि वसुलीची नोटीस बाबांच्या नावाने येईल हेही.

गोव्यात गेल्यावर भाड्याची गाडी घेताना नंबर प्लेट बघायची सवय लावा. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याला परवानगी असलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी, आणि खासगी गाडीची पॉलिसी भाड्याने दिल्यावर लागू होत नाही. दिवसाला दोनशे रुपये वाचतात म्हणून ती घेणारे आपल्यातच खूप आहेत. इथल्या गाड्यांनाही तेच लागू. ‘मित्राचा मित्र आहे, दिवसाला दीड हजारात कार देतो’, अशी कार घेऊन घाटात जाणं म्हणजे कव्हर आहे की नाही हा प्रश्न अपघातानंतर सोडवायला घेणं.

हे सगळं तपासायला किती वेळ लागतो? बाबांच्या व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये ती पीडीएफ असतेच. पहिल्या पानावर प्रीमियमचा तक्ता असतो, दोन भागांचा. एक ओन डॅमेज, दुसरा लायबिलिटी. ओन डॅमेजच्या जागी शून्य किंवा रेघ दिसली तर मागच्या सीटचं काय ते तुम्हाला कळलं. लायबिलिटीच्या भागात ‘पीए ओनर-ड्रायव्हर’ ही ओळ शोधा, खाली ‘अननेम्ड पॅसेंजर’ आहे का बघा. मग वर जा आणि तारखा वाचा. नव्या गाडीच्या पॉलिसीवर त्या दोन असतात, ओन डॅमेज संपण्याची एक आणि थर्ड पार्टी संपण्याची दुसरी. बघायची ती आधी येणारी तारीख.